वाऱ्याचा निरोप

"आये, आज वारा आठ हाय. दुपारनंतर बारा. बाबांना सांग."

"कुठनं येनार?"

"पश्चिमेकडनं. बाणाचं तोंड घाटाकडं हाय, म्हंजे वारा खालनं वर येनार."

"बरं. खाल्लंस का काय?"

"खाईन गो. तू आदी निरोप दे."

धारेच्या वाडीत फोनला रेंज मिळायची ती फक्त आवडीच्या अंगणाच्या टोकाला, जिथे डोंगर एकदम खाली उतरतो आणि पार महाडच्या बाजूला नदीचं पाणी उन्हात चमकताना दिसतं. वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या सोंडेवर. गाडीरस्ता खालच्या गावाशी संपतो, पुढे पायवाट. घरं मोजकी, त्यातली निम्मी शिमग्या-गणपतीपुरती उघडणारी. आवडीने फोन कमरेला खोचला आणि ती मागे वळली. चांगू पडवीत बसून कोयता दगडावर घासत होता, पण त्याचे कान मघापासून अंगणाकडेच होते.

"काय म्हनतो?"

"आठ म्हनतो. दुपारनं बारा. खालनं."

चांगू कोयता ठेवून अंगणाच्या कडेला आला आणि दरीकडे तोंड करून उभा राहिला. "आठ म्हंजे नाचनी पाखडायचा वारा," तो म्हणाला. "बारा म्हंजे दोरीवरचं लुगडं फडफडतं, त्यो."

हे कोष्टक त्याने स्वतःच बसवलं होतं. वीस म्हणजे पत्र्यावर दगड ठेवायचे. तीस म्हणजे गुरं डोंगराला सोडायची नाहीत. मुलाच्या फोनातून आकडा यायचा, त्याचा अर्थ चांगू डोंगरावर बघून लावायचा, आणि दोन्हींची गाठ रोज सकाळी आवडीच्या तोंडून पडायची.

वाडीत चांगूचं नाव होतं ते वाऱ्यासाठीच. भाताचं रोप जिथे टाकायचं ती जमीन उन्हाळ्यात आधी भाजून घ्यावी लागते. शेणाचा थर, त्यावर झाडांची तोडून वाळवलेली कवळ, त्यावर गवत, वर माती असा राब रचायचा आणि काडी लावायची. ती आग जागच्या जागी, धुमसत, सावकाश जळायला हवी. आजूबाजूला सगळा डोंगर वाळल्या गवताने पिवळा झालेला असतो. आगीला वाऱ्याने उचललं तर डोंगर जातो, गोठे जातात, घरंही जातात. म्हणून राब कधी पेटवायचा ते चांगूला विचारल्याशिवाय कोणी ठरवत नसे. तो पहाटे उठून कडेला उभा राहायचा, इकडे तिकडे बघायचा आणि म्हणायचा, "लावा." नाहीतर म्हणायचा, "आज नको." एवढंच. त्याच्या शब्दावर वाडीने वर्षानुवर्षं राब भाजले, आणि कधी कोणाचं काही जळलं नाही.

हे आपल्या मुलाला द्यावं असं त्याच्या मनात फार होतं. अक्षय शाळेत होता तेव्हा चांगू त्याला पहाटे उठवून शेजारी उभा करायचा आणि विचारायचा, "काय कळतंय?" पोराला झोपेशिवाय काही कळत नसे. एकदा चार माणसांत चांगू म्हणाला, "ह्याला वारा कळायचा नाय. ह्यो माझ्या हाताला लागनार नाय." बोलून तो विसरला. पोरगा विसरला नाही. दहावी झाली आणि तो मुंबईला गेला. पुढे जाहिरातींचे मोठाले फलक उभारणाऱ्या एका कंपनीत टेम्पो चालवायला लागला, लग्न झालं, मुलगी झाली. पण बापलेकांचं बोलणं तेव्हापासून आवडीच्या मार्फतच व्हायला लागलं. हा म्हणायचा, "त्याला सांग." तो म्हणायचा, "बाबांना सांग."

आवडी सांगायची, पण होतं तसं नाही. "शिमग्याला येनार नसंल तर पुन्यांदा तोंड दाखवू नको म्हनावं," असं चांगू म्हणाला, की आवडी फोनवर म्हणायची, "बाबा लई वाट बघतात रे." "त्यांना काय, त्यांना फक्त डोंगर दिसतो," असं अक्षय म्हणाला, की ती आत येऊन सांगायची, "तुमचा पाय बरा हाय का, विचारत होता." तांदळातला खडा काढावा तसा निरोपातला खडा काढून टाकायची तिच्या जिभेला सवयच झाली होती. त्यात खोटेपणा आहे असं तिला कधी वाटलं नाही. घर धरून ठेवायचं तर बाईला एवढं करावंच लागतं, असं ती समजून होती.

मग गेल्या गणपतीला अक्षय आला तो हे वाऱ्याचं घेऊन. उंच सांगाड्यावर चढणारी त्याच्या कंपनीतली माणसं रोज सकाळी फोनवर वारा बघतात, आणि वारा जास्त असला तर चढत नाहीत. त्यांच्याकडून शिकून अक्षयने आपल्या फोनात पोलादपूरचं नाव टाकलं होतं. पडवीत बसून त्याने तो पडदा बापासमोर धरला. आकडा, बाण, तासातासाचा वारा.

"ह्याला बसल्या जागी कसं कळतं?" चांगूने विचारलं.

"वरनं उपग्रह बघतात बाबा. मग गणित करतात."

"आन् बान असा का? वारा तिकडं जातो का तिकडनं येतो?"

"मला पन आदी कळत नव्हतं. बान दाखवतो तिकडं जातो. पन नाव घेतात ते जिथनं येतो तिथलं."

"बरोबर हाय. पावना आला तर आपन त्याच्या गावाचंच नाव घेतो," चांगू म्हणाला, आणि दोघंही हसले.

आवडी आतून बघत होती. एका फोनावर दोघांची डोकी जवळ आली होती. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी ती उठली नाही.

त्या दिवसापासून अक्षयचा फोन रोज यायला लागला. सकाळी आकडा सांगायचा आणि संध्याकाळी विचारायचा, "बाबांना विचार, बरोबर निघालं का?" चांगू संध्याकाळची वाट बघायला लागला. बरेचदा बरोबर निघायचंही. पण एकदा थंडी सरता सरता तो म्हणाला, "सांग त्याला, दुपारी एकच झोत असा आला, की परड्यातली केळ मोडली. फोनाला त्यो कळला नाय. फोन खालच्या पोलादपुरातला वारा सांगतो. ते खोलगटात हाय. आपल्या धारेवरचा वारा येगळा."

आवडीने अंगणाच्या टोकाला जाऊन सांगितलं, "बरोबर निघालं म्हनाले."

"खरंच? बाबा असं म्हनाले?" पलीकडून अक्षय असा हसला, की तिला त्याचं लहानपणीचं हसणं आठवलं. त्यानंतर मोडल्या केळीचं कोणी काय सांगावं? पुढेही दोनदा-तीनदा असंच झालं. झोत आला, फोनात नव्हता, चांगूने निरोप दिला आणि आवडीने तो गिळला.

चैत्र लागला. कवळ वाळून खडखडीत झाली. चांगूने राब रचून ठेवला. पण फोनात अठरा, वीस असे आकडे यायला लागले आणि अक्षय रोज म्हणायचा, "आये, बाबांना सांग, आज नको." सकाळचा वारा चांगूला तसा बरा वाटत होता. उजाडताच पेटवला तर ऊन चढायच्या आत राब जळून बसतो, हे त्याला ठाऊक होतं. शेजारच्या सयाजीने आणि बाकीच्यांनी त्यालाच विचारून आपापले राब भाजूनही टाकले. चांगूचा तेवढा राहिला.

"तात्या, लोकांना लावा म्हनता आन् सोता थांबता," सयाजी हसत म्हणाला. "यंदा तुमचा वारा मुंबैतनं येतो काय?"

"पोरगा रोज बघतो रे," चांगू म्हणाला. त्याच्या आवाजात अशी काही ऐट होती, की सयाजीने पुढे थट्टा केली नाही. "येवढं बघून सांगतो, तर ऐकायला नको?"

मग तो दिवस उजाडला.

"आये, आज मस्त हाय!" अक्षयचा आवाज खुशीत होता. "सहा! दिवसभर सहा-सात. बाबांना सांग, आज लावा म्हनावं. मी बगितलाय."

हा निरोप निवडायची गरज नव्हती. आवडीने तो होता तसाच सांगितला.

चांगू अंगणाच्या कडेला उभा होता. त्याची थोरली बहीण राहीबाई पाण्याची कळशी घेऊन मदतीला आली होती. नवरा गेल्यापासून ती माहेरच्या वाडीतच राहायची. तिचं घर आणि गोठा चांगूच्या राबाच्या वरच्या अंगाला. रात्रभर घाटावरून वारा वाहत होता, आणि पहाटे कोणी कापून टाकल्यासारखा एकदम थांबला होता. पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"पडलाय की वारा," आवडी म्हणाली.

चांगूने दरीकडे कान दिला. मग म्हणाला, "पडला नाय. दबून बसलाय."

"मंग आज ऱ्हाऊ दे चांगू," राहीबाई म्हणाली. "येक दिसानं काय होतंय?"

चांगूने बहिणीकडे पाहिलं, मग आवडीच्या कमरेच्या फोनाकडे पाहिलं आणि ओशाळल्यासारखा हसला. "इतके दिस त्यानं नको म्हनलं, मी थांबलो. आज लावा म्हनतो, तर मी नको म्हनू? त्याला काय वाटंल? म्हनंल, बाबांचा इस्वासच नाय." कोयता उचलत तो म्हणाला, "हळूच लावतो. आपन हायेतच की समदे."

त्याने राब वरच्या अंगाने पेटवला, आग उताराकडे हळूहळू उतरत यावी म्हणून. कडेने गवत कापून पट्टा साफ केला होता. दोन्ही बायका ओल्या डहाळ्या घेऊन उभ्या राहिल्या. धूर सरळ वर गेला. पाऊण राब छान बसला. चांगू डोक्याचं फडकं सोडून घाम पुसायला लागला, आणि आवडीला वाटलं, झालं. संध्याकाळी अक्षयला सांगायचं, बरोबर निघालं.

मग खालून, दरीतून, आवाज आला. आधी आवाज आणि मग वारा. तो सहाचा नव्हता आणि विसाचाही नव्हता. धुराचा खांब आडवा झाला, राबावरची माती उडाली, आणि पेटतं गवत मुठीमुठीने उचलून वाऱ्याने साफ केलेल्या पट्ट्यापलीकडे टाकलं. डोंगराने ते झेललं. बघता बघता आग वर चढायला लागली, राहीबाईच्या गोठ्याच्या दिशेने. आत गाय आणि वासरू बांधलेलं होतं.

"तुमी नका येऊ!" चांगू ओरडला आणि धावला. त्या वयात तो कसा धावला ते आवडीला नंतरही उमगलं नाही. धुरात त्याची पाठ दिसली, मग दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने गाय आणि वासरू दावी ओढत बाहेर आली. चांगू आला नाही.

सयाजी आणि दोघांतिघांनी त्याला गोठ्यामागच्या बांधाशी शोधून काढलं. पाय भाजले होते, पण खरा घात धुराने केला होता. घोंगडीची झोळी करून त्याला पायवाटेने खाली नेलं, तिथून जीपने पोलादपूर, तिथून महाड. आवडी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्याला बोलता येत नव्हतं. डोळे उघडे होते आणि जीपचा फाटका पडदा वाऱ्याने फडफडत होता तिकडे लागले होते. झोत केव्हाच सरला होता. आता वारा साधाच होता, लुगडं फडफडावं एवढा.

दिवस मावळायच्या आत तो गेला.

अक्षय आला, त्याने अग्नी दिला, डोकं भादरलं, दहावं-तेरावं झालं. सगळं त्याने सांगतील तसं केलं. पण तो रडला नाही आणि जेवलाही नाही. त्याची बायको वैशाली सासूला हळूच म्हणाली, "आई, हे झोपतच नाहीत. उठून बसलेले असतात. विचारलं तर बोलत नाहीत."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आवडी मागच्या पडवीत सूप घेऊन बसली होती. अक्षय येऊन समोर बसला. हातात फोन होता.

"आये, तुला येक दाखवायचं हाय."

"मला काय वाचता येतंय?"

"आकडा दिसतो ना? ह्यो बघ. ह्यो वारा. मी रोज तुला ह्योच सांगायचो." त्याने पडद्यावर बोट सरकवलं. "आता ह्यो खालचा बघ. ह्याला झोत म्हनतात. आमच्या साईटवरच्या सुनीलला मी फोन केला, त्यानं सांगितलं. वरचा आकडा म्हंजे समदा मिळून वारा, शांत आन् जोराचा येकत्र करून. खालचा म्हंजे त्यातलाच येखादा फटका किती मोठा असंल त्यो. चढनारी मानसं खालचा बघतात आये. वरचा नाय." त्याचा आवाज फाटला. "त्या दिवशी वर सहा होता. खाली बेचाळीस होता. त्याच पानावर. मी बोट लावून खाली सरकवलंच नाय."

आवडीच्या हातातलं सूप थांबलं.

"मी लावा म्हनलं म्हनून बाबांनी लावला. मीच मारलं त्यांला."

आवडीने मुलाकडे पाहिलं. डोळे खोल गेले होते, गालाची हाडं वर आली होती. हा आता मुंबईला जाईल, टेम्पो चालवेल, आणि प्रत्येक फलकापाशी वर बघून हेच म्हणत राहील. किती वर्षं? आपण असेपर्यंत, आणि आपल्यानंतरही. तिला मोडलेली केळ आठवली. बरोबर निघालं म्हनाले, असं जेव्हा जेव्हा ती म्हणाली ती प्रत्येक संध्याकाळ आठवली. चांगूचे निरोप तिने पोचवले असते, तर पोराने तेव्हाच कोणाला तरी विचारलं असतं, हा झोत फोनात का दिसत नाही. तेव्हाच खालचा आकडा सापडला असता.

"मी सांगितलंच नाय त्यांला," ती म्हणाली.

"काय?"

"तुझा फोन आला, मी बोलत बसले. तवर त्ये राबाकडं गेले होते. मी जाईपतूर काडी लावून झाली होती. तुझा निरोप त्यांच्यापतूर पोचलाच नाय."

अक्षयने फोन खाली ठेवला. "मंग आदीचे दिस थांबले ते? मी नको म्हनायचो म्हनूनच ना?"

"खांदा धरला होता त्यांचा. कवळ वोढवत नव्हती."

"म्हंजे त्या दिवशी बाबांनी सोताच्या मनानं…"

"व्हय."

"बाबांचा अंदाज चुकला?"

 तिने सूप बाजूला ठेवलं. पदराने उगाचच तोंड पुसलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून या माणसाकडे दुसरं काही नव्हतं. जमीन तुकड्याची, घर कौलाचं. एवढं एकच होतं.

"चुकला," ती म्हणाली. "वय झालं होतं."

अक्षयने दोन्ही गुडघ्यांत डोकं घातलं आणि तो रडायला लागला. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच. आवडीने त्याच्या भादरलेल्या डोक्यावर हात ठेवला. संध्याकाळी तो पोटभर जेवला आणि भिंतीला टेकल्या टेकल्या झोपला. वैशालीने त्याच्या अंगावर पांघरूण घातलं.

तो मुंबईला गेला त्याच दिवशी राहीबाई आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"सयाजी काय बोलतो गो आवडे? म्हनतो, अक्षयनं सांगितलं, चांगूचा अंदाज चुकला."

आवडी खाली बघत केर काढत राहिली.

"मी तिथं हुते! माझ्या कानानं आयकलंय. दबून बसलाय म्हनाला त्यो. त्याला कळला हुता वारा. पोराचं मन ऱ्हावं म्हनून लावला त्यानं. माझी गाय सोडवताना मेला माझा भाव, आन् तू त्याला आंधळा केलास?"

"वन्सं, हळू बोला."

"का हळू? त्याच्यापाशी हुतं काय दुसरं? येवढं येक नाव हुतं, ते बी तू जाळलंस!"

"त्यांला आता नावाचं काय करायचं हाय?" आवडी म्हणाली. ती उंबऱ्यापर्यंत आली. "पोराला झोप लागत नव्हती, वन्सं. त्यो मीच मारलं म्हनत होता. आन् खरं सांगू? दोष त्याचा बी नाय. ह्ये मला सांगायचे, झोत आला, फोनाला कळला नाय, त्याला सांग. मी नाय सांगितलं. पोराला वाईट वाटंल म्हनून बरोबर निघालं, बरोबर निघालं म्हनत गेले. मी खरं सांगितलं असतं तर आज त्ये असते. मंग आता त्या पोरानं का भोगायचं?"

राहीबाईने तिच्याकडे एकदा पाहिलं. "म्हंजे तू दोनदा मारलास त्याला," ती म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर राहीबाई तिच्याशी बोलली नाही. एका पाण्यावर दोघी जायच्या, तर एक आली की दुसरी हंडा उचलायची. पावसाळा आला. आवडीचा राब अर्धवटच भाजलेला होता. सयाजीने आपल्यातली रोपं दिली, तिने ती लावली. वाडीत हळूहळू सगळे म्हणायला लागले, तात्यांना शेवटी वारा कळला नाही. वाईट मनाने कोणी म्हणत नसे. पाण्यावर, बांधावर, कुठेतरी विषय निघायचा, कोणीतरी सुस्कारा टाकायचं, आणि आवडी मान हलवायची. प्रत्येक वेळी ती मान हलवायची.

पुढच्या चैत्रात अक्षय वर्षश्राद्धाला आला तो राब भाजूनच जायचं ठरवून. बरोबर वैशाली आणि लहान अंकिता. तो बरा दिसत होता, अंगाने भरला होता. वर्षभर रोज सकाळी तो फोन करून दोन आकडे सांगायचा, आधी झोताचा, मग वाऱ्याचा. आणि संध्याकाळी विचारायचा, "आये, खरं सांग, धारेवर किती होता?" आवडी खरं सांगायची. आता ती काहीच निवडत नव्हती.

श्राद्धाच्या स्वयंपाकाला राहीबाईला त्याने स्वतः जाऊन आणलं. आत्याशिवाय बाबांचं पान वाढायचं नाही, म्हणाला. ती आली, चुलीच्या पलीकडे बसली, वालाचे दाणे सोलून दिले, नारळ खवला. आवडीशी शब्द नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे राब लावायचा होता, तेव्हाही ती आली. भाचा एकटा आगीपाशी जाणार म्हणून आली असावी. आवडी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. राहीबाई तिच्या शेजारी, दाराकडे तोंड करून बसली. बाहेर उजाडत होतं. अंगणात अक्षय फोन बघत होता आणि अंकिता त्याच्या पायाशी लुडबुडत होती.

"पप्पा, आजोबांना वारा कळायचा ना?"

"कळायचा गो. समद्या वाडीला तेच सांगायचे."

"मग त्यांना कसं नाही कळलं?"

"शेवटाला नाय कळला," अक्षय म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, सांभाळून घेणारा होता. "म्हातारे झाले होते ना. मानूस म्हातारा झाला की चुकतो. म्हनून आपन नीट बघायचं, दोन्ही आकडे."

राहीबाईचा हात जमिनीवर टेकला. ती उठायला लागली. तिचे ओठ हलत होते. आवडीने हातातलं पीठ तसंच ठेवून तिचं मनगट पकडलं. जोरात पकडलं. ती राहीबाईकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

बाहेर अंकिता कशाला तरी खुदकन हसली. पाठोपाठ अक्षयही हसला, दरीवर जाईल असं मोकळं.

राहीबाई ते ऐकत तशीच अर्धी उठलेली राहिली. चुलीतलं लाकूड फुटलं. मग ती हळूहळू खाली बसली, पण हात सोडवून घेतला नाही. तव्यावरून धूर यायला लागला.

"सरक तिकडं," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "भाकर करपली तुझी."

तिने परात आपल्याकडे ओढली आणि पिठाचा गोळा हातात घेतला. तिच्या मनगटावर आवडीच्या बोटांचे पांढरे ठसे उठले होते. ते न पुसता तिने भाकरी थापायला घेतली.